मशीन आणि मिस्तरी कोणाकडे

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर घर चालवलेली बाई, माझ्या राहत्या घरी पुढच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना सांगून लिहून घेत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप. शस्त्रक्रिया मला सोसणार नाही आणि गोळ्यांवर फार काळ निघणार नाही, हेही त्याच डॉक्टरांनी तोंडावर सांगितले, म्हणून ही घाई.

१. राहते घर, म्हणजे या दोन खोल्या, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते कोणाला द्यायचे हे शेवटी लिहिते. आधी शिलाई मशीनविषयी लिहिते, कारण त्याशिवाय घर घेणाऱ्याला घर झेपणार नाही.

२. मशीन पायाची आहे, माझ्या वडिलांनी जुनी विकत घेतलेली. घरात आली तेव्हा वीतभर शिवले की दोरा तोडायची. दुरुस्तीला एक तरुण आला. त्याने फक्त सुई काढली, फिरवून परत बसवली आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. सुई उलटी होती." पुढच्या आठवड्यात तो न बोलावता पुन्हा आला. "कुरकुरते का ते बघून जातो म्हटलं." मशीन अजिबात कुरकुरत नव्हती. आईने हसू दाबत चहा टाकला. तेच माझे पती. सगळी गल्ली त्यांना मिस्तरी म्हणते, मीही तेच म्हणत आले.

३. मिस्तरींची आठवण आता गेली आहे. मी दुरुस्तीला मशीन घेऊन आलेली कोणी बाई आहे, असे ते समजतात. सकाळी हात धुऊन बसतात, मशीन खोलतात, स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीने मांडतात आणि तिथेच अडकतात. परत जोडणे त्यांना येत नाही. मग स्वतःच्या तोंडात मारून घेतात. म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागला की मी मशीन जोडून ठेवते. उठल्यावर चाक फिरवून बघतात आणि खुशीत म्हणतात, "झाली बघा बाई. घेऊन जा." त्या दिवशी पोटभर जेवतात. मशीन उघडी राहिली तर घासाला शिवत नाहीत.

४. माझ्या मुलाने एकदा मशीनला कुलूप घातले. मिस्तरी दिवसभर झाकण ओरबाडत राहिले, नखांतून रक्त आले. मुलगा म्हणाला, "आई, ही भंगारात घाल आणि बाबांना संस्थेत ठेवू. तुझ्याच्यानं होतंय का आता?" होत नाही, हे खरेच होते. तरी मी कुलूप फोडायला लावले. तेव्हापासून तो आलेला नाही. त्याला माझी कातरसुद्धा देऊ नये. हे वाक्य रागात सांगितले आहे, तरी खोडू नये. शिक्षिकाबाईंनी दोनदा विचारले आहे.

५. जो कोणी मशीन जोडेल त्याच्यासाठी. मिस्तरी मला शिकवायचे की आधी सुई बघायची, मग दोरा, मग बॉबीन, आणि स्क्रू ड्रायव्हर अगदी शेवटी. आता ते सुरुवातच स्क्रू ड्रायव्हरने करतात, त्याला इलाज नाही. सुईची सपाट बाजू जिकडे हवी तिकडे मी लाल ठिपका दिला आहे. टाके सुटू लागले तर सुई बदलावी, बोथट सुईशी झटापट करू नये. खालून दोऱ्याचा गुंता आला तर बॉबीनला दोष देऊ नये. बहुतेक वेळा वरचाच दोरा चुकलेला असतो, कापड दाबून धरणारी दाबपट्टी उचलून तो पहिल्यापासून ओवावा. कापड पुढे सरकेना तर सुईखालच्या दात्यांत कापसाचा गाळ साचलेला असतो, दातांच्या जुन्या ब्रशने काढावा. तेल मशीनचेच घालावे. स्वयंपाकाचे घातले तर चिकटून बसते. मशीन चालवून बघताना मिस्तरींना जवळ येऊ देऊ नये, ते सुईखाली बोट घालतात.

६. मागच्या आठवड्यात मला धाप लागली आणि मशीन तशीच उघडी राहिली. शिक्षिकाबाईंनी खटपट केली, पण बॉबीनची डबी काही बसेना. मिस्तरी त्यांना सारखे म्हणत होते, "बाई, माफ करा. असं कधी होत नाही माझ्याकडून." मी पलंगावरून ऐकत होते. मला उठता आले नाही.

७. मग मी मुलीला बोलावून घेतले. ती नोकरी करते आणि तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली आहे. घर घेशील का आणि बाबांना बघशील का, असे विचारले. ती स्क्रूंकडे बघत बसली. "मला घर नको गं, आई. नाही जमणार मला. मागच्या फेरीला त्यांनी मला विचारलं, ताई, तुमचे वडील आहेत का?" मी आग्रह केला नाही. जाताना तिने माझ्या गोळ्या डबीत भरून दिल्या.

८. तरी हे घर, ही मशीन आणि माझ्या पतींचा सांभाळ मी मुलीच्या नावे लिहीत आहे. वकील म्हणाले, माणसाचा सांभाळ असा कोणाच्या नावे करून देता येत नाही, कायद्यात ते बसत नाही. तिने नाही म्हटले आहे हेही मला पक्के ठाऊक आहे. पण दुसरे कोणाचे नाव घालू, ते मला सुचत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. सही करताना मध्ये दम घ्यावा लागला, म्हणून ती तिरकी आली आहे, पण माझीच आहे.

सही : मृत्युपत्र करणार

समक्ष साक्षीदार :
१. शेजारीण, निवृत्त शिक्षिका (लिहून घेणार)
२. कोपऱ्यावरचे औषध दुकानदार

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, सोमवार