बायकोचा गुलाब आणि माझी कात्री

२ फेब्रुवारी
बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. एप्रिलअखेर लेक-बाळाला घेऊनच परतणार. जाताना एकच काम सांगितलं : गुलाबाला पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका. दोनदा सांगितलं. मी काय विसरभोळा आहे? मी जातिवंत न्हावी. दहा वर्षांनी आलेल्या गिऱ्हाइकाचा भांग कोणत्या बाजूला होता, हे न विचारता सांगतो.
संकल्प : ती येईल तेव्हा गुलाब फुलांनी वाकलेला असेल. नुसतं पाणी घालायला मी काय नळ आहे?

५ फेब्रुवारी
बागेची पाहणी. बाग म्हणजे फाटकापासून पायरीपर्यंतचा वाफा. मधोमध बायकोचा गुलाबी गुलाब. भोवती साल्व्हिया, लॅव्हेंडर, जिरेनियम. यांना ती सोबतीची झाडं म्हणते. गुलाबाला कसली सोबत? खुर्चीत गिऱ्हाईक एकटंच बसतं. त्यात साल्व्हिया तर पार मेलाय, नुसत्या काड्या. उपटला. लॅव्हेंडरची लक्षणंही बरी नव्हती. उपटलं. मग एकट्या जिरेनियमला कशाला मागे ठेवायचं? वाफा आता गुळगुळीत दाढी केल्यासारखा दिसतो.

६ फेब्रुवारी
बायकोचा फोन. म्हणाली, साल्व्हिया थंडीत मेल्यासारखा दिसतो, पण उन्हं वाढली की बुडातून फुटतो, घाबरू नका. मी म्हणालो, एवढं काय मला माहीत नाही?
आता माहीत आहेच.

१२ फेब्रुवारी
छाटणी. शेजारचा शिंपी कुंपणावरून बघत होता. म्हणाला, बुडातून आलेली ती जाड फांदी काढा, ती जंगली असते. फुलं वरच्या कलमाला येतात, त्याला जपा. म्हणजे आता शिंप्यानं मला कात्री शिकवायची. त्याची कात्री मेलेल्या कापडावर चालते, माझी जिवंत डोक्यावर. वरच्या फांद्या वाळक्या, म्हाताऱ्या. सगळ्यांना मिलिटरी कट. बुडातली तरणीताठी ठेवली. कापलेलं दुकानातल्यासारखं झाडून टाकलं.
शिंप्याशी बोलणं बंद.

२० फेब्रुवारी
नात झाली! आज सगळ्यांची दाढी फुकट. आनंदाच्या भरात एका गिऱ्हाइकाची मिशीही गेली. त्यानं उगाच मनाला लावून घेतलं.
बायको फोनवर रडत-हसत म्हणाली, नातीला घरी आणू तेव्हा आपल्या गुलाबाचं एक फूल तिच्या उशाशी ठेवायचं, मला बाकी काही नको. मी म्हणालो, एक काय, टोपलीभर ठेवू.

८ मार्च
फांदी सुसाट निघाली आहे. केसांचं खत चांगलं असतं असं एक गिऱ्हाईक म्हणालं. दुकानातले आठवडाभराचे केस वाफ्यात पसरले. दुपारी वारा सुटला. शिंप्यानं अंगणात एक पांढरा सूट वाळत घातला होता. तो संध्याकाळपर्यंत लोकरीचा झाला. शिंपी कुंपणाशी येऊन बराच वेळ काहीतरी सांगत होता. बोलणं बंद असल्यामुळे मी ऐकलं नाही.

१९ मार्च
पानांखाली बारीक हिरवे किडे. मावा म्हणतात. मी बघताक्षणी ओळखलं : हा कोंडाच. आफ्टरशेव्ह फवारलं. किडे मेले नाहीत, पण ताजेतवाने दिसतात.

२१ मार्च
सगळी पानं गळली. चांगलं लक्षण आहे. जुनं गेल्याशिवाय दाट येत नाही, हे मी टक्कल पडणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय.

१० एप्रिल
म्हटलं नव्हतं? फांदी पुन्हा फुटली, माझ्या डोक्यावर गेली. काटे भरपूर. कळी मात्र नाही. लाजाळू असेल.
बायकोनं फोटो मागितला. पंचाईत. शिंप्याचा गुलाब नेमका फुललाय, आणि तोही गुलाबी. कुंपण दिसणार नाही असा वाकून फोटो काढला. ही लबाडी नव्हे, नमुना आहे. माझ्या दुकानातल्या भिंतीवर हिरोंचे फोटो आहेत. तसे केस आजवर कुणाचे झालेत?
बायको म्हणाली, अय्या, अगदी आपलाच. फोन ठेवून मी एकटाच हसलो.

२४ एप्रिल
उद्या येणार. कळी नाही. फांदीला समजावलं. दटावलं. शेवटी हात जोडले.

२५ एप्रिल, दुपार
आल्या. नातीला भरपूर जावळ आहे. बायको मात्र फाटकातच थांबली. वरचं कलम कुठाय, म्हणाली. म्हटलं, झाडून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पायरीवर बसली आणि म्हणाली, अहो, लेक झाली त्या दिवशी तुम्हीच आणलं होतंत ना ते, सायकलच्या हँडलला बांधून?
मला आठवेना. मग आठवलं. मातीनं नवी पँट भरली होती. दवाखान्यात तिला म्हणालो होतो, लेकीला आणि गुलाबाला एकदमच घरी नेऊ. इतकी वर्षं मी त्याला बायकोचा गुलाब म्हणत आलो. फार वाईट वाटलं.
थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. म्हणाली, पण फोटो छान होता हो शिंपीभावजींच्या गुलाबाचा. माझ्याकडूनच फांदी नेली होती त्यांनी. जा, एक फूल मागून आणा. आणि लावायला फांदीही.

२५ एप्रिल, संध्याकाळ
शिंप्याकडे गेलो. बोलणं बंद होतं, म्हणून आधी खोकलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. देतो म्हणाला, पण कात्री मी चालवणार. मी माझी घेऊन गेलो होतो. ती त्यानं हळूच काढून घेतली आणि आपल्या खिशात ठेवली.
फूल नातीच्या उशाशी ठेवलंय. बायकोनं फांदी कुंडीत रोवली. मी काय करू, विचारलं.
म्हणाली, पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका.
पाणी घातलं.