मार्च नव्व्याण्णवची ती दुपार

येरवडा, पुणे

प्रिय हेमा,

अक्षर ओळखलंस तर पाकीट बाजूला सारू नकोस, एवढंच आधी मागते. सव्वीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. पत्ता तुझ्या भाचीने, कल्याणीने दिला. कात्रजला तिच्या घरी जाऊन आणला. देण्याआधी तिने विचारलं, "मावशी, आता कसलं काम काढलंत?" मी म्हटलं, जुनी मैत्रीण आहे. तिने पत्ता लिहून दिला. तू साताऱ्याला भावाकडे असतेस, गुडघे दुखतात आणि साड्यांच्या दुकानातली नोकरी गेल्या वर्षी सोडलीस, एवढं तिच्याकडून कळलं.

माझेही गुडघे गेले. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी रोज सकाळी आपल्या हॉस्पिटलात जाते. घरी बसून करू काय? नव्या मुली चांगल्या आहेत, पण सलाइन लावताना पेशंटशी बोलत नाहीत. मी बोलते. दुपारपर्यंत अंगातलं सगळं त्राण जातं. मग औषधांच्या खोलीतल्या स्टुलावर बसून राहते आणि कोणी हाक मारली नाही तर बरं, असं वाटतं. पूर्वी असं वाटायचं नाही.

दिवाळीनंतर पूर्वा आली. ती हॉस्पिटल चालवणाऱ्या मंडळाची नवी सेक्रेटरी, तिशीतली, खराडीला आयटीत आहे. म्हणाली, "रतनताई, पन्नास वर्षं झाली ना, स्मरणिका काढतोय. हॉस्पिटलची हिस्ट्री आणि सर्व्हिसेस यावर तुम्हीच लिहा. चार पेजेस. थोडं पॉझिटिव्ह ठेवा." मी हो म्हटलं.

सुरुवात भराभर झाली. मंडळ उभं करणारे अण्णा आणि त्यांच्यासारखी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली माणसं, शिफ्ट संपली की सायकली हाणत यायची आणि बुद्धविहाराच्या मागच्या जागेत विटा रचायची. आपल्या बायका मोठ्या दवाखान्यात गेल्या की आधी बोलणी खायच्या, मग औषध मिळायचं. म्हणून आपला दवाखाना हवा होता. दोन खोल्या उभ्या राहिल्या, पण डॉक्टर येईना. मग नारायण पेठेतून डॉक्टर दीनानाथ आले. पहिल्याच दिवशी त्यांनी विहाराच्या माठातलं पाणी मागून घेतलं, सगळ्यांसमोर प्यायले आणि म्हणाले, "पेशंट कुठे आहेत? मी सत्काराला आलेलो नाही." अण्णा ही गोष्ट मरेपर्यंत सांगत. त्यानंतर दीनानाथ सव्वीस वर्षं आले, आठवड्यातून तीन दिवस, स्वतःच्या स्कूटरवर, फुकट.

पुढे बाळंतपणाचा वॉर्ड झाला. टीबीची औषधं, लहान मुलांच्या लसी, डोळ्यांची शिबिरं. शिबिराच्या दिवशी आपण दोघी म्हाताऱ्यांना हाताला धरून रांगेत बसवायचो आणि तू प्रत्येकीला तिच्या गावाचं नाव विचारायचीस. आता डायलिसिसची दोन मशिनं आहेत, फिजिओथेरपी आहे. हे सगळं मी लिहिलं. इतिहास मात्र एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपर्यंत आला आणि पेन थांबलं. महिनाभर थांबलं.

त्याच महिन्यात एक मुलगी नाव नोंदवायला आली. सातवा महिना, पहिली खेप. नाव राधा. सोबत आजी होती. आजीला मी लांबूनच ओळखलं, तुळजाबाई. तू तिला विसरली नसशील. राधाने केसपेपर हातात घेतला आणि सरळ विचारलं, "सिस्टर, माझी आई इथंच गेली ना? आजी म्हणते, नर्सने डॉक्टरला बोलावलंच नाही. तुम्ही तेव्हा होतात का?" तुळजाबाई म्हणाली, "हेमा नाव होतं तिचं. मी अजून नाव घेते तिचं, शिव्या द्यायला." मी म्हटलं, पुढच्या तपासणीला या, मग बोलू. आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

ती दुपार तुला मी काय सांगायची? पोर सुखरूप झाली, पण बाईचं रक्त थांबेना. ड्यूटी होती डॉक्टर अभयची, दीनानाथांच्या मुलाची. तो दोन तासांसाठी म्हणून स्वतःच्या क्लिनिकला गेला होता. तू इंजेक्शनं दिलीस, पोट चोळत राहिलीस, मधेच धावत जाऊन त्याला फोन करत राहिलीस. तो आलाच नाही. शेवटी तू रिक्षा आणवलीस आणि तिला मांडीवर घेऊन ससूनला निघालीस. बंडगार्डनच्या पुलावर ती गेली. तू परत आलीस तेव्हा तुझी साडी पाहून तुळजाबाईने टाहो फोडला होता.

चौकशीत अभय म्हणाला, मला फोन आलाच नाही. तू म्हणालीस, तीनदा केला. मी म्हटलं, मी मागच्या वॉर्डात होते, मला काही माहीत नाही. आठ दिवसांत तुला काढलं आणि पुन्हा कुठल्या हॉस्पिटलने तुला उभं केलं नाही. जाताना तू मला फाटकापाशी मिठी मारलीस आणि म्हणालीस, "तू तिथं असतीस ना रतन, तर माझ्या बाजूने बोलली असतीस." मी मान हलवली.

हेमा, मी तिथेच होते. मागच्या वॉर्डात नव्हते. फोनशेजारच्या खोलीत हत्यारं उकळायला ठेवत होते, दार उघडं होतं. तिन्ही फोन मी ऐकले. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, "सर, हात जोडते, या." चौकशीच्या आदल्या दिवशी मी अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोराचं नाव आलं तर दीनानाथ उद्यापासून येणार नाहीत. दवाखाना बंद पडेल. पोरी, तू काही ऐकलं नाहीस." मी ऐकलं नाही. अण्णांवर ढकलत नाही. तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते, लहान नव्हते. दवाखाना चालू राहिला. किती बायका सुखरूप बाळंत झाल्या तिथे, हे मी स्वतःला रोज सांगत आले आणि आता ते सांगून सांगून थकले. गेल्या सोमवारी राधा आली तेव्हा तिला आणि तुळजाबाईला समोर बसवून खरं सांगितलं. तुळजाबाई उठून निघून गेली. राधा बसून राहिली. रविवारी मंडळाच्या बैठकीत लेख वाचला, त्या दुपारीसकट. अभय होता, केस पांढरे झालेत त्याचे. कोणीतरी म्हणालं, आता हे उकरून काय मिळणार? अभय खाली बघून म्हणाला, "छापा. फोन आले होते." पूर्वा रडली, पण एक शब्द कापणार नाही म्हणाली. स्मरणिका पुढच्या महिन्यात येईल. पण ही गोष्ट तुला छापील कागदावरून कळू नये, माझ्याकडून आधी कळावी, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही. मागायची वेळ फाटकापाशीच होती. राधा तुझा पत्ता मागते आहे. तिला तुला भेटायचंय. तू हो म्हणालीस तरच देईन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तिच्याशी बोल. शेवटच्या वेळी तिची आई काय म्हणाली, ते तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

म्हणायचा हक्क उरलेला नाही, तरी
तुझीच,
रतन