तेलाच्या डब्याखालची शेळी

अहो,

साष्टांग नमस्कार. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहायचा धीर झाला नव्हता. आज लिहायलाच हवं. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती सांगायला घरात दुसरं कोणी नाही.

मुलांच्या त्या कादंबरीचं मुखपृष्ठ करत होतात ना, धरणाकाठी हरवलेली शेळी शोधणाऱ्या मुलीचं? प्रकाशकांकडच्या मेघनाताई सोमवारी बिबवेवाडीपर्यंत आल्या. म्हणाल्या, "काकू, काकांचं चित्र मिळालं तर तेच छापू. नाहीतर शुक्रवारी दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

तुमचं कपाट दोनदा उपसलं. गणपतीला साकडं घातलं. काल फडताळ पुसताना तेलाच्या डब्याखालचा कागद उलटला, तर खाली तुमची शेळी. तेरावं झाल्यावर आवरताना मीच तो पालथा अंथरला होता. पाठ कोरी होती, कागद जाड होता, टाकवेना. पण कच्चं चित्र कुठलं नि पक्कं कुठलं, तुम्ही तरी कधी सांगितलंत? उलट मी तुमचे जुने कागद डब्यांखाली अंथरले की म्हणायचात, "चला, माझ्या चित्रांना डब्यांचा तरी आधार आहे."

मुलीच्या परकरावर तेल उतरलंय. मेघनाताईंना फोन केला. "डाग कॉम्प्युटरवर काढू, काकू. तुम्ही फक्त पुसायला जाऊ नका."

डागाचं एवढं नाही हो. प्रत्येक मुखपृष्ठ तुम्ही फडताळावर उभं करायचात आणि मी ओट्यापाशी उभं राहून, चष्मा काढून, लांबून धूसर नजरेला काय दिसतं ते सांगायचं. एकदा तुमच्या हत्तीला भोपळा म्हणाले, तर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी हत्ती नवा. आणि या वेळी तुम्ही हाक मारलीत, "अगं, जरा बघ." मी म्हणाले, "पोळी करपतेय, नंतर बघते." तुम्ही पुन्हा का नाही हाक मारलीत? एरवी चहासाठी दहादा मारायचात.

आज दुपारी चित्र फडताळावर ठेवलं. ओट्यापाशी गेले, चष्मा काढला आणि मोठ्यानं सांगितलं, "मुलगी लांब पाण्याकडे बघतेय. शेळी तिच्या पाठीशीच उभी आहे, तिला ठाऊक नाही." बरोबर आहे का, ते कोण सांगणार?

संध्याकाळी मेघनाताई चित्र न्यायला येतील. पुस्तक आलं की पहिली प्रत देवापुढे, मग फडताळावर. तव्यावर पोळी असली तरी आधी बघीन. करपली तर करपलेली खाईन.

तुमची,
शकुंतला