डिफरन्शियलमधला भुसा

सोलापूर, गुरुवार, १४ मार्च १९७४

आज मी लबाडीला हो म्हटले, म्हणून लिहिते आहे. विकायला काढलेल्या पिकअपच्या डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या चाकांमधल्या दातेरी चक्रांच्या पेटीची, घरघर ऐकून दोन गिऱ्हाइके परत गेली. नातेपुत्याचे तिसरे दुपारी यायचे होते. रसूल मिस्त्री म्हणाले, "बाई, नव्वद नंबरचं नेहमीचं गिअर तेल कशाला? जाड तेल अन् मूठभर लाकडाचा भुसा घालतो की. महिनाभर गप बसंल."

"आणि मग?"

"मग त्याचं नशीब."

तरी हो म्हटलेच. मूठभर भुसा! त्यांची मूठ तेल भरायच्या भोकाशी गेली तेव्हा कुठे माझे तोंड उघडले.

"फेका तो. नव्वदच भरा."

"तिसरंबी पळंल, बाई."

"पळू दे."

दुपारी नातेपुत्याच्या गिऱ्हाइकाने आवाज ऐकूनही गाडी घेतली. त्याच्या हाती दिले: किल्ली, कागद आणि माझ्या सहीची चिठ्ठी, 'दाते झिजले आहेत, आवाज येतो. तेल नव्वद नंबर, आजच भरले.'