पडद्यामागचा थेंब

३ फेब्रुवारी

नऊ पॉइंट एक!

किटच्या चिमुकल्या पडद्यावर आकडा उमटला आणि बाबा म्हणाले, "नवीन मशीन आहे ना, अजून बसलेलं नाही." नवं शिलाई मशीन बसायला महिना लागतो, तसं रक्ताचंही असणार, अशी त्यांची समजूत.

आरोग्य केंद्रातली नोकरी लागून आज बारा दिवस झाले. घरच्या घरी तीन महिन्यांची साखर कशी तपासायची ते लोकांना शिकवायचं, हे माझं काम. दुसऱ्यांना सांगायचं ते आधी आपल्या घरात करून दाखवायचं, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. म्हणून पहिलं बोट बाबांचं. पण त्या एका थेंबासाठी पाऊण तास गेला! तीस वर्षं सुई चालवणारा माणूस — आणि टोचायचं पेन बघून दोन्ही हात काखेत! शेवटी आईने मनगट धरलं, मी टोचलं. बाबा असे ओरडले की आमच्या शिंपीकामाच्या दुकानाशेजारी घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी डोळ्याला भिंग लावलेलेच धावत आले.

"काय झालं? कात्री लागली?"

"नाही, बोट टोचलं."

"एवढंच? मला वाटलं माप चुकलं."

४ फेब्रुवारी

बाबांना घेऊन केंद्रातल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी जुने कागद चाळले. "उपाशीपोटीची साखर दोन वर्षं छान येतेय तुमची. मग हे नऊ कुठून आलं?"

बाबा पंख्याकडे बघत बसले. आईला राहवलं नाही. "तपासणीच्या आधी दोन दिवस वाऱ्यावर जगतात. रक्त दिलं की तिथूनच थेट बेकरी!"

डॉक्टरबाई हसल्या, पण लगेच थांबल्या. आदल्या रात्रीचा अभ्यास या परीक्षेत चालत नाही, म्हणाल्या. तीन महिन्यांची मुदत. गोळ्या न चुकता, रोज चालणं, गोड बंद. आकडा साडेसातच्या आत आला तर गोळ्यांवर निभावेल. नाही तर इन्सुलिन. रोजची सुई.

घराच्या दाराशी आल्यावर बाबांनी विचारलं, "रोज म्हणजे रविवारीसुद्धा?"

५ फेब्रुवारी

किटसोबतचं माहितीपत्रक कोणी लिहिलंय देव जाणे. मी विज्ञानाची पदवीधर, आणि मलाही दोनदा वाचावं लागलं! लोकांनी काय करावं? दुपारी दुकानात बसून बाबांना साध्या शब्दांत सांगून पाहिलं. रक्तातल्या लाल पेशी तीनेक महिने जगतात. तेवढ्या दिवसांत रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती त्यांना चिकटत जाते. ती किती चिकटली ते हा आकडा सांगतो.

बाबा खडूने कापडावर रेघ ओढत होते. रेघ पूर्ण केली आणि म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक तीन महिने न्यायला न आलेला कोट. खांद्यावर बसलेल्या धुळीवरून कळतं, दुकान रोज झाडतात की नाही. तो यायच्या दिवशी फरशी पुसून काय उपयोग?"

मी बघतच राहिले. चौथी शिकलेला माणूस! माझे प्राध्यापक अर्धा तास घ्यायचे एवढ्याला.

६ फेब्रुवारी

केंद्रात आज कोटाची गोष्ट सांगितली. एक आजी म्हणाल्या, "मग माझ्या कोटाला झाडूच लागेल गं बाई." सगळा हॉल हसला. अकरा जणांनी नावं दिली. अकरा!!

२१ फेब्रुवारी

बाबा आणि घड्याळजी रोज सकाळी चालायला जातात. चाळीस मिनिटांचा रस्ता, लागतो सव्वा तास. घड्याळजी वैतागलेत. "हा माणूस चालत नाही, लोकांच्या पाठी तपासतो! आज एकाला थांबवून विचारलं, तुमचा डावा खांदा उतरलाय, शिंपी कोण तुमचा?"

"मग? खांदा उतरलाच होता," बाबा म्हणाले.

"अहो, तो आमदाराचा भाऊ होता!"

"खांदा कोणाचाही उतरतो."

९ मार्च

लग्नाचे कपडे घेऊन गेलेलं एक कुटुंब दोन किलो मिठाई ठेवून गेलं. बाबांनी डब्याकडे पाहिलं, डब्याने बाबांकडे पाहिलं. मग ते उठून पाणी प्यायला गेले. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

आईने डबा उचलून वरच्या फळीवर टाकला. "यांच्या नजरेसमोर नको. मीच संपवते हळूहळू. अन्न टाकवत नाही मला." परवा एका गिऱ्हाइकाने आणलेला केकही तिनेच संपवला. बाबांसाठी ती काय काय करते! घरात वेगळं काही शिजत नाही — जे बाबांच्या ताटात तेच तिच्या. फक्त मोहाच्या वस्तू तेवढ्या ती परस्पर निकालात काढते.

१० मार्च

आज काही लिहिण्यासारखं नाही. खूश आहे, एवढंच.

२ एप्रिल

बाबांनी स्वतःची पॅन्ट उसवली. कमरेत दीड इंच आत घेतली! टेप माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच बघ. नंतर म्हणशील, मापात लबाडी केली." दीड इंच, पुरेपूर. घड्याळजींनाही बोलावून टेप दाखवली. ते म्हणाले, "माझं पोट आहे तिथेच आहे. ह्याच्याबरोबर मीही चालतो की!"

"तुम्ही चालत नाही, बोलता," आई कोपऱ्यातून म्हणाली.

भिंतीवरच्या माझ्या पदवीच्या चौकटीखाली बसून ती बटणं लावत होती. त्या चौकटीवरून बाबांना गाऊन आठवला. पदवीदानाला भाड्याने आणलेला तो काळा गाऊन त्यांनी समारंभातच आतून उलटा करून पाहिला होता. शिवण कच्ची म्हणून रात्रभर हळहळले होते! आज पुन्हा तेच — "एवढा मान आणि शिवण अशी?" आम्ही पोट धरून हसलो.

आईने मध्येच सुई त्यांच्यापुढे धरली. "अहो, दोरा ओवून द्या. हल्ली नेढं पुसट दिसतं." चष्म्याचा नंबर वाढला असणार. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. सारखी दमतेही. सुट्टी मिळाली की नेते.

३ मे

उद्या! बाबांपेक्षा मलाच धडधडतंय. किट दोन वेळा तपासून ठेवलं. बाबा मान खाली घालून काज करत होते. मी म्हटलं, "बाबा, या वेळी तुम्ही स्वतः टोचायचं. स्वतःची तपासणी स्वतः करता आली पाहिजे, त्यासाठीच तर हे किट." ते हूं म्हणाले.

४ मे

काय लिहू.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच बसलो. बाबा पेन घेऊन उभे राहिले. "कोणी बघत असलं की मला जमत नाही. ट्रायलरूममध्ये जातो." त्यांनी पडदा ओढला. दोन मिनिटांनी आतून हाक, "अगं, जरा ये. हात धर." आई आत गेली. आतून कुजबुज. या वेळी ओरडणं नाही! मला एवढा अभिमान वाटला. आई थेंब घेतलेली नळी अलगद धरून बाहेर आली. पुढचं मी केलं — नळी हलवली, मशीनमध्ये घातली, पाच मिनिटं थांबलो. घड्याळजी घड्याळ लावून बसले होते.

आठ पॉइंट दोन.

मग आई म्हणाली, "बिघडलंय ते." आणि स्टुलावर बसली. तिच्या बोटाला कापूस होता. भाजी चिरताना लागलं म्हणाली.

दीड इंच कमी झालेल्या कमरेला आठ पॉइंट दोन कसं? एकच उत्तर होतं आणि मी ते बोलून टाकलं — सगळ्यांसमोर. "बेकरी सुटली नाही ना, बाबा? चालायच्या वाटेवरच लागते."

बाबा माझ्याकडे नाही, आईकडे बघत होते. घड्याळजी म्हणाले, "पोरी, मी बरोबर असतो. कधी थांबला नाही तो." मी म्हटलं, "तुम्ही त्यांचे मित्र आहात."

५ मे

बाबा म्हणाले, "देऊ दे सुई. घेईन मी." बस, इतकंच. ज्या माणसाने तीन महिने त्या सुईच्या भीतीने रस्ते तुडवले, तो एका वाक्यात हो म्हणतो? अपराधीच वाटत असणार. मला वाईट वाटलं, पण खोटेपणा मला सहन होत नाही. आपलेच लोक आपल्याशी खोटं वागायला लागले, तर केंद्रात उभं राहून मी कोणत्या तोंडाने शिकवू?

स्वयंपाकघरात दोघं हळू आवाजात भांडत होती. मी गेले तशी गप्प.

७ मे

लिहिते सगळं, नाहीतर झोप यायची नाही.

केंद्रात वर्ग चालू होता. मी कोटाच्या धुळीपर्यंत आले होते आणि दारात बाबा! दुकान बंद करून, गळ्यात टेप तशीच, उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर. भर दुपारी दुकान बंद — माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

"इकडे ये जरा."

व्हरांड्यात गेलो. "तुझ्या आईने शपथ घातलीय," म्हणाले. "ती मोडायला आलोय. त्या दिवशीचं ते रक्त माझं नव्हतं."

मला आधी कळेचना.

"पडद्यामागे पेन दोनदा बोटाला लावलं, पण दाबवेना. ती म्हणाली, द्या इकडे, माझं बोट घ्या. एका चुलीवरचं खातो, एका ताटातलं खातो, तर साखर काय दोन तऱ्हेची असणार आहे? मलाही पटलं. जुळ्या पोरांचं माप मी एकाचंच घेतो की! फसवायचं नव्हतं गं. आकडा तोच येणार असं वाटलं." त्यांनी टेप गळ्यातून काढली, पुन्हा घातली. "आठ आला, तेव्हा तू माझ्यावर ओरडलीस. मला बरं वाटलं. वाटलं, ओरडू दे, म्हणजे तिच्याकडे लक्ष जाणार नाही. पण तीन दिवस झाले, गळ्याखाली घास उतरत नाही. तिला सुई लागणार का?"

एका ताटातलं. आणि वरच्या फळीवरचं? ते दोन किलो, तो केक, मोहाची प्रत्येक वस्तू — बाबांच्या वाटचं सगळं आईने खाल्लं होतं! पुसट नेढं. ते दमणं. मी रोज शंभर लोकांना विचारते, तहान लागते का, नजर अंधूक होते का. घरात एकदाही विचारलं नाही.

बाबांचे पाय धरावेसे वाटले. त्याऐवजी म्हटलं, "बाबा, मी बेकरीचं बोलले..."

"ते राहू दे. बाही वर केलीय, घेऊन टाक माझं रक्त. धीर आहे तोवर."

डॉक्टरबाई म्हणाल्या, घरचं किट इशारा देतं, ठरवायचं प्रयोगशाळेच्या कागदावर. म्हणून दोघांचंही रक्त हाताच्या शिरेतून. आईला आणायला बाबांबरोबर आलेले घड्याळजी गेले. ती आली ती बाबांवर बरसतच. "शपथ घातली होती तुम्हाला! मला काय धाड भरलीय?" डॉक्टरबाईंनी तिला समजावलं — साखर नुकती लागली असेल किंवा कधीपासून असेल, कोणी पाहिलीच नाही, आता सापडलीय तर गोळीने आणि चालण्याने आटोक्यात येईल.

"म्हणजे मला रोजची सुई नाही?"

"सध्या तरी नाही."

"मग एवढं काय!" आई म्हणाली. "दोघांनी तोंडं बघा कशी केलीत. उठा, दुकान बंद आहे."

१० मे

दोन्ही कागद आले. आई — आठ पॉइंट तीन. बाबा — सहा पॉइंट आठ!!

सहा पॉइंट आठ! घड्याळजींनी दुकानातल्या सगळ्या घड्याळांचे गजर एकदम लावले. मीही नाचले. नाचता नाचता थांबले. बाबांनी त्या दिवशी धीर करून स्वतःचं बोट दिलं असतं, तर आम्ही तेव्हाच नाचलो असतो. आणि आईला कोणीच टोचलं नसतं.

संध्याकाळी आईची साखर बघायची होती. मी पेन उचललं, तर बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "बाजूला सर. तुझा हात कच्चा आहे." खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, तिचं बोट उजेडाकडे वळवलं. आईने डोळे घट्ट मिटले.

"टोचा ना आता!"

"केव्हाच टोचलं."