नीदियाच्या माश्या आणि माझी बाग

६ जानेवारी
नीदिया आमच्या लेकीकडे मेरिदाला गेली. ग्रीसेलचं पहिलं बाळंतपण, लेकीजवळ आई हवीच. बसमध्ये चढता चढता म्हणाली, "माश्यांकडे नुसतं बघ. हात लावू नकोस." माझ्यावर तिचा केवढा विश्वास!

या मधमाश्या परसातल्या पोकळ ओंडक्यात राहतात. आमच्याकडची जुनी जात, नांगी नसलेली. ओंडका नीदियाच्या पणजीपासून घरात आहे. दोन्ही टोकांना लाकडी चकत्या, मातीने लिंपलेल्या, मधोमध एक भोक, भोकात एक माशी पहाऱ्याला. नीदिया रोज तिच्याशी गप्पा मारते.

संकल्प: नीदिया परत येईपर्यंत परसाची बाग करायची. अशी, की माश्यांनी खूश होऊन जावं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. परस म्हणजे तरी काय, एक लहानसा प्रदेशच.

९ जानेवारी
परसभर पिवळं ताहोनाल माजलं होतं. रस्त्याच्या कडेला उगवणारं तण! सगळं कोयत्याने कापलं. पाठ धरली, पण प्रदेश मोकळा झाला. शेजारच्या बाल्बिनाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अहो मास्तर, फुलं होती की त्याला!" मी म्हटलं, नर्सरीतून पेटुनिया येतोय. त्या म्हणाल्या, "कोण येतोय? मुक्कामाला आहे का?"

बाईंना बागकामातलं काही कळत नाही.

१४ जानेवारी
पेटुनिया लावला. गुलाबही. जांभळा, पांढरा, लाल. सुरेख. माश्या अजून आलेल्या नाहीत. बुजल्या असतील.

१५ जानेवारी, सकाळ
पेटुनिया नाही.

पानं कापणाऱ्या मुंग्यांनी नेला, गुलाबासकट. शेवटच्या जांभळ्या पाकळ्या कुंपणाखालून चालल्या होत्या, एकामागे एक, मिरवणुकीसारख्या. शिस्त वाखाणण्याजोगी. एवढी शिस्त माझ्या एकाही वर्गाने दाखवली नाही. म्हणजे बाग कीटकांना आवडली. सुरुवात म्हणून वाईट नाही.

२२ जानेवारी
एकट्यादुकट्या कीटकांसाठी लाकडी घर बांधलं. बांबूच्या नळ्या, भोकं पाडलेली फळी, वर पत्रा. आज पहिले रहिवासी आले. झुरळं. आणि एक विंचू, तो बहुधा झुरळांसाठी आला असावा.

२७ जानेवारी
फुलं नाहीत म्हणून बशांतून साखरपाणी ठेवलं. प्रतिसाद अफाट! गांधीलमाश्या, मुंग्या आणि कुठल्या तरी पेट्यांमधल्या नांगीवाल्या माश्या. आमच्या बिचाऱ्या लहानखुऱ्या, त्यांना बशीजवळ जागाच मिळेना. गर्दी पुढे बाल्बिनाबाईंच्या परसात शिरली. त्यांचा टर्की कोंबडा डोळा सुजवून बसला आहे. बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही निवृत्त झालात ते शाळेचं भलं झालं, पण आमच्या नशिबी आलात."

बशा उचलल्या. मला दोन ठिकाणी चावल्या. एक कानाला, आणि दुसरी जागा सांगण्यासारखी नाही.

२ फेब्रुवारी
नात झाली! नीदियाचा फोन. आवाज रडवेला आणि हसरा. म्हणाली, ग्रीसेलला अशक्तपणा फार आहे, आपला मध असता तर दिला असता, पण काढायची वेळ नाही अजून. मग विचारलं, "माश्या बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, मजेत.

आजोबा झालो. आजोबांनी नुसतं बसून राहायचं असतं का?

३ फेब्रुवारी
ओंडका उघडला. माती फोडून टोकाची चकती काढली. आत मेणाची इवली इवली मडकी. सुंदर. काढताना काही फुटली. बरीच फुटली. मध आणि परागांचा चिखल माझ्या मनगटापर्यंत. माश्या केसांत शिरल्या, पण चावता येत नाही त्यांना, काय करणार! नुसत्या घोंघावत राहिल्या.

एक बाटलीही धड भरली नाही. मेरिदाच्या बसवाल्याकडे लगेच दिली. परत आलो तोवर ओंडका तसाच उघडा होता. चकती नीट बसेना. उद्या लिंपतो.

६ फेब्रुवारी
आज लिंपलं.

नीदियाचा फोन. "हा मध कुठला?" मी म्हटलं, बाजारातला. तिने पुन्हा विचारलं, "बाजारातला?" मग म्हणाली, "ग्रीसेलने घेतला. बरं वाटलं तिला." म्हणजे माझंच बरोबर होतं.

१२ फेब्रुवारी
ओंडक्याभोवती नवीन पाहुण्या. बारीक काळ्या माश्या, फळांवर बसतात तशा, पण तुरुतुरु पळणाऱ्या. बागेत विविधता वाढते आहे.

१९ फेब्रुवारी
भोकात पहारेकरी नाही. जेवायला गेली असेल.

२० फेब्रुवारी
अजून जेवतेच आहे.

२४ फेब्रुवारी
बाल्बिनाबाईंना बोलावलं. ओंडक्याला लाल फीत बांधा, दृष्ट लागली आहे, म्हणाल्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. फीत बांधली.

२७ फेब्रुवारी
उघडला. आत पांढऱ्या अळ्या. सगळीकडे. मडक्यांत, पिलांच्या थरांत. त्या काळ्या माश्यांच्या असणार. चिमट्याने काढत बसलो. एक काढली की चार दिसतात. आमच्या माश्या कोपऱ्यात गोळा होऊन बसल्या होत्या, मूठभर. माझ्या बोटावर एक चढली. तिला कुठे ठेवावं ते कळेना. परसात एक फूल नव्हतं.

दुपारभर तिथेच उभा होतो. पंख्याने वारा घातला. दुसरं काही सुचलं नाही.

४ मार्च
आता आवाज येत नाही. कान लावला तरी. थंडीमुळे असेल, असं आधी वाटलं. पण घाम येत होता.

९ मार्च
नीदिया आली. पिशवी दारातच ठेवून सरळ परसात गेली. ओंडक्यावर हात ठेवला. फीत पाहिली. तिने ओरडावं म्हणून मी साखरपाण्याचंसुद्धा सांगितलं, चकती बसत नव्हती तेही सांगितलं. ती म्हणाली, "संत्र्याखाली खड्डा खण."

खणला. तिने मेलेल्या माश्या केळीच्या पानात गोळा केल्या, एकेक, पंख सरळ करून. आमच्याकडे त्यांना असंच पुरतात, घरच्या माणसासारखं. मी प्रार्थना म्हणू का, विचारलं. "नको," म्हणाली.

जेवताना मी हळूच विचारलं, बाळ कसं आहे, कोणासारखं दिसतं? ती ताटाकडे बघत म्हणाली, "तुझ्यासारखं. अगदी तुझ्यासारखं."

आणि रडायला लागली.

आनंदानेच असणार.