सोलं उलटायचं यंत्र

२६ एप्रिल, सकाळी ६
गुडघा वाकत नाही, म्हणून ही वही. धाकटी जाऊ सुगंधा काल सगळ्यांदेखत म्हणाली, "वैनी, तुमच्यान आता वाकाक होणा नाय. यंदा खळा माका देवा." घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालायची, दिवसातून तीनदा उलटायची, एवढंच ते काम. चाळीस वर्षं मी केलं. म्हटलं, दहा मेपर्यंत न वाकता करून दाखवते, नाहीतर खळं तुझं. मी फिजिक्सची बी.एस्सी. ती सातवी.

२८ एप्रिल
योजना. चार कोपऱ्यांत पोफळीचे खांब, प्रत्येकावर मोटार, चार दोऱ्या, मध्ये टांगलेलं दाताळं, सोलं ओढून उलटायला. दोऱ्या कमीजास्त गुंडाळल्या की दाताळं हवं तिथे जातं. केबल रोबो. व्याप्ती अख्खं खळं. कागदावर शंभर टक्के.
विश्वेश पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, दोरी ओढते, ढकलत नाही. दाताळं खाली दाबणार कोण? मुलगा इंजिनिअर आणि ही शंका! प्रोग्राम मात्र पाठवला.

१ मे
चाचणी. दाताळं सोलांवरून नुसतं घसरलं. दोष सोलांचा. फार चिकट. दाताळ्याला वरवंटा बांधला. विश्वेशला कळवायचं नाही.

२ मे
आता सोलं उलटतात. पण वजनाने खांब आत वाकले. कोपरे सुटतात, दाताळं मध्येच फिरतं. मध्ये तुळस. वृंदावनाला दोन धडका. सुगंधा म्हणाली, "तुळशीन काय वायट केल्यान तुमचा?" तिला व्याप्ती कोण समजावणार?

४ मे, दुपारी ४
यंत्र चालू ठेवून जरा पडले. उठून बघते तो चारही कोपऱ्यांतली सोलं उलटलेली! माझ्या हिशेबापेक्षा यंत्र चांगलं निघालं. विश्वेशला कळवलं.
सुगंधा पडवीत कंबर धरून बसलेली. बोटं लालभडक. हात धुवायची शिस्त नाही.

६ मे
खांब आणखी वाकलेत, तरी कोपरे पूर्ण. पेटंटचं बघायला हवं.

७ मे
सुगंधा दोन दिवस माहेरी, कुणकेश्वरला. शांतता.

८ मे
कोपरे न उलटलेले, तसेच. व्होल्टेज कमी असणार.

९ मे
कोपऱ्यांत बुरशी. संध्याकाळी सुगंधा आली ती पिशवी टाकून थेट कोपऱ्यात वाकली. नासलेली वेगळी, बरी वेगळी. हात इतके सरावलेले की विचारलंच, हे कधीपासून?
"तुमी निजल्यार. रोज."
म्हटलं, अगं, मी हरले असते तर खळं तुलाच मिळणार होतं.
मान वर न करता म्हणाली, "तुमी हरलेला माका बगवला नसता."
माझ्यासारखीला हे असं ऐकून घ्यावं लागलं.

१० मे
सुगंधाच्या ताब्यात दिलं: खळं. सोलांची घमेली दोन. दाताळं एक. दोऱ्या चार, त्यांवर ती कपडे वाळत घालणार आहे. वरवंटा ठेवून घेतला, चटणीला लागतो.
तिने मला दिलं: खुर्ची एक, काठी एक. कावळे हाकायचे.